यंत्राचे भाषाज्ञान आणि आपला केसपेपर

वैद्यकीय संशोधनात गेल्या काही वर्षांत एका शाखेने मोठी मजल मारली आहे. माणूस जी भाषा बोलतो व लिहितो ती संगणकाला वाचता यावी, तिच्यातील अर्थ त्याला वेचता यावा आणि त्याच भाषेत त्याने उत्तर द्यावे, यासाठी चाललेल्या या प्रयत्नांना इंग्रजीत 'नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग' असे नाव आहे. मराठीत आपण त्याला 'भाषासंस्करण' म्हणू. रुग्णालयातील टिपणे वाचून निदानाचे संकेतांक सुचविणे, हजारो शोधनिबंधांतून एखाद्या औषधाविषयीची माहिती एकत्र करणे, चिकित्सक व रुग्ण यांचे संभाषण ऐकून केसपेपर तयार करणे आणि रुग्णाच्या प्रश्नाला थेट उत्तर देणे, एवढी कामे ही यंत्रे आज करू लागली आहेत.

हा विषय संगणक अभियंत्यांचा; त्यात किनवट-माहूरकडे दवाखाना चालविणाऱ्या वैद्याचा किंवा नांदेड-लातूरच्या फार्मसीचालकाचा काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. प्रस्तुत लेखकाचे मत याच्या उलट आहे. ही यंत्रे स्वतःहून काहीच जाणत नाहीत. जे लिहिलेले आहे त्यावरूनच ती शिकतात आणि जे लिहिलेले नाही ते त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणून आयुर्वेदाला आणि मराठी रुग्णाला या नव्या व्यवस्थेत कोणते स्थान मिळेल, हे पुष्कळ अंशी आपल्या टेबलावरील केसपेपरवर ठरणार आहे.

संशोधन कोठवर आले आहे?

आरंभीची यंत्रे नियमांवर चालत. अमुक शब्दाजवळ तमुक शब्द आला तर अर्थ असा घ्यावा, हे माणसांनीच लिहून द्यावे लागे. २००१ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेली 'नेगेक्स' ही पद्धत याचे चांगले उदाहरण होय. रुग्णाच्या टिपणात न्यूमोनिया हा शब्द आला म्हणजे रुग्णास न्यूमोनिया आहेच असे नाही. 'न्यूमोनियाचा पुरावा आढळला नाही' असेही ते वाक्य असू शकते. नकार कोणत्या लक्षणाला लागू पडतो हे ठरविण्याचे काही साधे नियम या पद्धतीत होते आणि इंग्रजी टिपणांवर ते उपयोगी ठरले.

२०१७ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना पुढे आली आणि चित्र पालटले. वाक्यातील प्रत्येक शब्दाचा इतर शब्दांशी असलेला संबंध यंत्र स्वतःच तपासू लागले. २०१९ मध्ये वैद्यकीय शोधनिबंधांवर शिकविलेले 'बायोबर्ट' आणि रुग्णालयीन टिपणांवर शिकविलेले 'क्लिनिकलबर्ट' अशी दोन प्रारूपे प्रसिद्ध झाली. यांतील दुसऱ्याची शिकवणी ज्या टिपणांवर झाली ती बोस्टन शहरातील बेथ इस्रायल डीकोनेस या रुग्णालयाची होती. तेथील अतिदक्षता विभागांतील चाळीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी, त्यांची ओळख पुसून, संशोधकांना उपलब्ध करून देण्यात आल्या होत्या. २०२३ मध्ये गूगलच्या 'फ्लॅन-पाम' या प्रारूपाने अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या धर्तीवरील प्रश्नांना ६७.६ टक्के अचूक उत्तरे दिल्याचे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि या विषयाची चर्चा सर्वतोमुखी झाली.

या वाटचालीतील एक गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे. जगभरच्या संशोधकांनी आपल्या यंत्रांना रुग्णाची भाषा शिकविली ती प्रामुख्याने एका शहरातील एका रुग्णालयाच्या केसपेपरांवरून. ते रुग्णालय जगातील सर्वांत मोठे होते म्हणून हे घडले नाही. तेथील नोंदी नीट लिहिलेल्या होत्या, जपून ठेवलेल्या होत्या आणि योग्य ती काळजी घेऊन खुल्या केल्या गेल्या, म्हणून हे घडले.

आता आपल्याकडे पाहू. मराठी भाषेवरील संगणकीय काम मुळीच झालेले नाही असे नव्हे. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' या गटाने २०२२ मध्ये मराठी मजकुराचा मोठा संग्रह आणि त्यावर आधारित 'महाबर्ट' हे प्रारूप खुले केले. वाक्यातील नावे ओळखता यावीत म्हणून याच गटाने मराठीतील २५,००० वाक्यांवर हाताने खुणा केल्या. हे काम निःसंशय मोलाचे आहे. परंतु त्या खुणा आहेत व्यक्ती, स्थळ, संस्था, वेळ, तारीख, परिमाण आणि पदनाम यांच्या. रोग, लक्षण किंवा औषध यांसाठी तेथे वर्ग नाही. याचा दोष त्या संशोधकांकडे जात नाही. रुग्णाच्या तक्रारींचा मराठी संग्रह कोणी त्यांच्यापुढे ठेवलाच नव्हता.

आयुर्वेदापुरते पाहिले तरी हेच दिसते. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने चाललेल्या 'भारतजेन' या उपक्रमातून २०२५ मध्ये आयुर्वेदासाठी 'आयुरपरम' हे भाषा-प्रारूप पुढे आले. स्वागतार्ह अशीच ही घटना आहे. मात्र ते इंग्रजी व हिंदी या दोन भाषांचे आहे. ज्या महाराष्ट्रात आयुर्वेदाची एवढी महाविद्यालये आणि एवढे चिकित्सक आहेत, तेथील रुग्णाच्या भाषेला त्यात अद्याप जागा नाही.

रुग्ण काय बोलतो?

मराठी रुग्णाची तक्रार यंत्राला कळणे किती अवघड आहे, हे आपल्या रोजच्या अनुभवातील काही शब्दप्रयोगांवरून ध्यानात येईल. 'अंगावर' हा एकच शब्द घ्या. 'बाळ अंगावर पिते' म्हणजे स्तनपान. 'अंगावर पांढरे जाते' म्हणजे श्वेतप्रदर. 'अंगावर पित्त उठले' म्हणजे शीतपित्त. आणि 'ताप अंगावर काढला' म्हणजे उपचार न घेता तसेच दिवस घालविले. चार वाक्यांत शब्द एकच. पहिले वाक्य आहाराचा इतिहास सांगते, दुसरे व तिसरे व्याधी सांगतात आणि चौथे व्याधी किती जुना हे सांगते. 'पित्त' या शब्दाचेही तसेच. अंगावर उठलेले पित्त वेगळे, छातीत जळजळ करणारे पित्त वेगळे आणि शास्त्रातील पित्तदोष त्याहून वेगळा.

'डोळे आले', 'तोंड आले', 'नागीण झाली', 'दिवस गेले' ही वाक्ये शब्दाला शब्द ठेवून वाचणाऱ्या यंत्राला काय समजतील याची कल्पना करावी. यांतील शेवटचे वाक्य विनोदाने घेण्यासारखे नाही. स्त्रीरुग्णास दिवस गेले आहेत हे यंत्राच्या ध्यानात आले नाही, तर गर्भिणीस वर्ज्य असलेले औषध ते बिनदिक्कत सुचवील.

नकाराची गोष्ट तर अधिकच सूक्ष्म आहे. 'ताप नाही' या वाक्यात लक्षणाचा अभाव आहे. परंतु 'भूक नाही', 'झोप नाही', 'घाम येत नाही', 'पोट साफ होत नाही' या वाक्यांत नकार हेच लक्षण आहे. इंग्रजीसाठी बनविलेले नकाराचे नियम मराठीवर जसेच्या तसे लावले, तर रुग्णाच्या अर्ध्या तक्रारी यंत्र 'नाहीत' म्हणून खोडून टाकील. अशी वाक्ये हजारोंच्या संख्येने आणि चिकित्सकाने लावलेल्या अर्थासह उपलब्ध झाली, तरच यंत्राला हा भेद शिकविता येईल.

यावर पुन्हा बोलीभाषेचा थर आहे. 'पोट दुखत आहे' असे पाठ्यपुस्तकी वाक्य आपल्या दवाखान्यात क्वचितच ऐकू येते. मराठवाड्यातील रुग्ण 'पोट दुखायलंय' असे म्हणतो. वृत्तपत्रे व आंतरजालावरील मजकूर वाचून शिकलेल्या यंत्राला ही क्रियापदे विरळाच भेटलेली असतात. किनवट तालुक्यात तर प्रश्न याही पलीकडचा आहे. पैनगंगेच्या आणि आदिलाबादच्या सीमेवरील या तालुक्यात गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि बंजारा समाजांची वस्ती आहे. घरात गोंडी, कोलामी किंवा गोरबोली, बाजारात मराठी आणि सीमेकडे तेलुगू असा येथील भाषाव्यवहार असतो. आजार सांगताना रुग्ण यांतील दोन-तीन भाषा एकाच वाक्यात मिसळतो. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेली 'भाषिणी' ही भाषांतर-योजना मुख्यत्वे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांसाठी आहे. गोंडी व कोलामी त्या अनुसूचीत नाहीत. आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' या उपक्रमात गोंडीचा समावेश केला हे चांगलेच झाले, पण ती प्रामुख्याने छत्तीसगडकडील गोंडी आहे. आपल्याकडील गोंडी आदिलाबादच्या बोलीला जवळची. विशेष दुर्बल आदिवासी समूहांत गणल्या जाणाऱ्या कोलामांच्या भाषेचा तर या यादीत उल्लेखच नाही. या रुग्णांचे शब्द लिहून ठेवू शकेल असा शिकलेला माणूस त्यांच्या सर्वांत जवळ कोण आहे? बहुतेक वेळा तो त्यांचा वैद्यच असतो.

ग्रंथांची भाषा

रुग्णाच्या भाषेइतकीच कठीण आपल्या ग्रंथांची भाषा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक वारसा संस्थेने संहिता व निघंटू संगणकावर शोधता येतील अशा स्वरूपात उपलब्ध करून दिले आहेत. परंतु शब्द शोधणे वेगळे आणि अर्थ कळणे वेगळे. कानपूरच्या आयआयटीतील हृषीकेश तेरदाळकर, अर्णब भट्टाचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी भावप्रकाशनिघंटूतील धान्यवर्गावर केलेले काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. कोणते धान्य, त्याचे रस-वीर्यादी गुण कोणते, कोणत्या दोषावर त्याचे कार्य काय, हे सर्व संबंध त्यांनी श्लोकांतून वेगळे काढून जोडले. त्यातून ४१० संज्ञा आणि ७६४ संबंध यांचे जाळे तयार झाले. लक्षणीय गोष्ट अशी की हे काम त्यांना हाताने करावे लागले. संस्कृतवर चालणारी साधने अद्याप अशा जाळ्याची स्वयंचलित रचना करण्याइतकी पक्की नाहीत, असे त्यांनी आपल्या निबंधात स्वच्छपणे नमूद केले आहे. एका वर्गाला एवढे श्रम पडले, तर संपूर्ण निघंटूला, पुढे बृहत्त्रयीला किती लागतील याचा अंदाज करावा.

अडचण केवळ संधी-समासांची नाही. आपल्या ग्रंथांत जे सांगितले आहे त्याइतकेच जे सांगितलेले नाही तेही महत्त्वाचे असते. वनस्पतीचे अंग सांगितले नसेल तर मूळ घ्यावे, भाग सांगितले नसतील तर समभाग घ्यावेत, काल सांगितला नसेल तर प्रातःकाल समजावा, ही अनुक्त-परिभाषा आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. श्लोकात मात्र यांपैकी काहीच लिहिलेले नसते. मानपरिभाषेचेही तसेच आहे. प्रस्थ म्हणजे ७६८ ग्रॅम एवढेच यंत्राने शिकून ठेवले आणि द्रवद्वैगुण्याचा नियम त्याच्या गावी नसला, तर तैलपाकात जेथे सुमारे दीड किलो द्रव हवे तेथे ते निम्मेच सांगेल. तोळ्याच्या बाबतीत फॉर्म्युलरी १२ ग्रॅम धरते, सराफ बाजार १० ग्रॅम धरतो. आंतरजालावर वाचून शिकलेले यंत्र यांतील कोणता तोळा उचलील हे सांगता येत नाही. फार्मसीचालकांना यातील धोका अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

येथे एका गोष्टीचे स्मरण होणे साहजिक आहे. ग्रंथ कसा वाचावा, न सांगितलेले कसे भरून काढावे, एका ठिकाणचे विधान दुसऱ्या ठिकाणी कसे लावावे, याचे शास्त्र आपल्या आचार्यांनी तंत्रयुक्तीच्या रूपाने मांडून ठेवले आहे. सुश्रुताने ३२ आणि चरकाने ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांतील वाक्यशेष म्हणजे वाक्यातील अध्याहृत पद भरून घेणे आणि अर्थापत्ती म्हणजे सांगितलेल्यावरून न सांगितलेले जाणणे. भाषासंस्करणातील संशोधक आज ज्या प्रश्नांशी झगडत आहेत ते याच जातीचे आहेत. आमच्याकडे हे सर्व आधीच होते, अशी फुशारकी मारण्यासाठी हे लिहिलेले नाही. तंत्रयुक्ती जाणणाऱ्या वैद्याने संशोधकाशेजारी बसण्याची गरज आहे आणि तेथे आज आपली खुर्ची बहुधा रिकामी असते, एवढेच सांगावयाचे आहे.

एक नाव, अनेक द्रव्ये

फार्मसीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न नावांचा आहे. रास्ना म्हटले की उत्तरेत एक वनस्पती घेतली जाते, केरळात कुलिंजनाच्या जातीची दुसरी आणि बंगालमध्ये वृक्षांवर वाढणारी तिसरी. शंखपुष्पीच्या नावाने देशात तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती चालतात. ब्राह्मी मागितली असता मंडूकपर्णी हाती येते. अमृता हे नाव गुडूचीचे आहे, तसेच ते हरीतकीच्या एका भेदाचेही आहे. संदर्भ पाहून आपण योग्य अर्थ घेतो. यंत्र मात्र केरळातील निबंधातील रास्नेचे गुण उचलून उत्तरेतील रास्नेला लावील आणि ते इतक्या सफाईदार भाषेत सांगेल की वाचणाऱ्यास शंकाही येणार नाही.

नामसादृश्याचा प्रश्न प्रत्यक्षात किती गंभीर होऊ शकतो हे गुळवेलीच्या निमित्ताने आपण पाहिले आहे. कोविडच्या काळात गुळवेलीचा वापर सर्वदूर वाढला आणि २०२१ मध्ये काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याची वृत्ते आली. त्या वेळी आयुष मंत्रालयाने गुडूची सुरक्षित असल्याचे सांगतानाच, तिच्यासारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही दुसरी जात घेतली गेल्यास अपाय होऊ शकतो, याकडे लक्ष वेधले होते. या वादात कोणाची बाजू किती खरी हा येथील विषय नाही. ज्या रुग्णांनी काढा घेतला त्यांनी नेमकी कोणती वनस्पती, कोठून आणलेली, किती मात्रेत व किती दिवस घेतली, याची नोंद त्याच वेळी झालेली असती, तर वाद एवढा चिघळला नसता. प्रतिकूल परिणामांच्या नोंदीसाठी आयुष औषधांची दक्षता-योजना २०१८ पासून अस्तित्वात आहे. भाषासंस्करणाची यंत्रे अशा विखुरलेल्या नोंदींतून धोक्याचा संकेत लवकर शोधू शकतात. आधुनिक औषधांच्या बाबतीत त्यांचा हा उपयोग होतही आहे. पण नोंदीच नसतील तर शोधणार कशात?

अनुसूची ई-१ मधील द्रव्यांच्या बाबतीत तर कोणतीही ढिलाई परवडणारी नाही. बिब्बा मराठवाड्यातल्या घराघरांत माहीत आहे, वत्सनाभ अनेक कल्पांत आहे. शोधन झालेले की नाही, मात्रा किती, अनुपान काय, हे विचारल्याशिवाय वैद्य ती देत नाही. मोबाइलवर प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थाला यंत्र हे प्रतिप्रश्न विचारीलच अशी खात्री नाही. अशा औषधांच्या मात्रेसाठी यंत्राचे उत्तर ग्राह्य धरू नये, हे आपण आपल्या रुग्णांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

संकेतांकांचा काळ

आणखी एक कारण असे की आपली निदाने आता आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शिरली आहेत. आयुष मंत्रालयाचे 'नमस्ते' पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले आणि आयुर्वेद, सिद्ध व युनानी निदानांना प्रमाणित संज्ञा व संकेतांक मिळाले. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या रोगवर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग नवी दिल्ली येथे प्रकाशित केला. त्यात आपल्या व्याधींना स्थान आहे. यापुढे विमा, सांख्यिकी व शासकीय योजना या सर्वांत संकेतांकांचे महत्त्व वाढत जाणार आणि टिपण वाचून संकेतांक सुचविण्याचे काम यंत्राकडे जाणार, हे उघड आहे.

रुग्ण 'मला वात आहे' एवढेच म्हणतो. त्याचा आमवात असेल, संधिगत वात असेल किंवा वातरक्त असेल. तिन्हींची चिकित्सा भिन्न आणि संकेतांकही भिन्न. केसपेपरवर आपण 'सांधेदुखी' एवढे लिहून खाली औषधे लिहिली, तर यंत्र अंदाजाने एक संकेतांक लावील. असे लाखो अंदाज एकत्र झाले की त्यांनाच आकडेवारी म्हटले जाईल आणि त्या आकडेवारीवरून आयुर्वेदाने कोणत्या व्याधीत किती गुण येतो याचे निष्कर्ष काढले जातील. ते निष्कर्ष आपल्याविरुद्ध गेले तर आपण कोणाकडे बोट दाखविणार?

काही आक्षेप

आयुर्वेद हा प्रत्यक्षाचा विषय आहे, नाडी व स्पर्श यंत्राला कसे कळणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्तच आहे. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील पहिल्या दोन परीक्षांत या भाषायंत्रांना प्रवेश नाही. पण तिसरी, प्रश्नपरीक्षा, ही पूर्णतः भाषेवर उभी आहे. तेथे यंत्र येणार, किंबहुना आलेच आहे. ते चांगले यावे की वाईट, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. पिढीजात योग लिहून ठेवले तर ते दुसराच कोणी उचलील, ही भीती आपल्या व्यवसायात जुनी आहे. हळदीचे उदाहरण या भीतीला उत्तर देते. जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही लढाई जिंकली गेली ती लिखित संदर्भांच्या बळावर. यातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. मनात ठेवलेले ज्ञान न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहत नाही.

तिसरा आक्षेप रुग्णाच्या खासगीपणाचा. हा सर्वांत गंभीर आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे. किनवटसारख्या गावात केवळ नाव खोडून ओळख पुसली जात नाही. पाड्याचे नाव, व्यवसाय व वय एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. रुग्णास त्याच्या भाषेत समजावून, त्याची संमती घेऊन, ओळखीच्या सर्व खुणा काढूनच नोंद संग्रहात जावी. एखादी कंपनी फुकट संगणकप्रणाली देते म्हणून तिच्या हवाली रुग्णांच्या नोंदी करणे हा विश्वासघात ठरेल.

संभाषण ऐकून आपोआप केसपेपर लिहिणाऱ्या यंत्रांविषयीही सावधगिरी हवी. 'व्हिस्पर' या प्रसिद्ध प्रारूपावरील २०२४ च्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांच्या लेखनात कोणीही न उच्चारलेली वाक्ये घुसल्याचे आढळले होते. तो अभ्यास इंग्रजीचा होता. आपल्या मिश्र बोलीत हे प्रमाण कमी असेल असे मानण्यास आधार नाही.

आपण काय करावे?

मोठ्या योजनांची वाट न पाहता आपल्या संघटनेने एक लहान काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक सदस्याने आठवड्यातून किमान पाच रुग्णांची नोंद चार रकान्यांत करावी. पहिल्या रकान्यात रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत, जशीच्या तशी, शुद्धलेखनाचा संस्कार न करता. दुसऱ्यात त्याचा शास्त्रीय अर्थ, म्हणजे दोष, दूष्य, अग्नी व व्याधिनाम. तिसऱ्यात 'नमस्ते'चा संकेतांक. चौथ्यात औषध, मात्रा, अनुपान आणि पुढील भेटीतील फरक. गुण आला नाही तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे. फार्मसीचालकांनी याला जोड म्हणून प्रत्येक द्रव्याचे बाजारातील स्थानिक नाव, प्रमाणित नाव आणि खरेदीचे ठिकाण यांची वही ठेवावी. गोंडी, कोलामी व गोरबोली बोलणाऱ्या भागांतील सदस्यांनी शरीराचे अवयव व लक्षणे यांच्या स्थानिक शब्दांची स्वतंत्र यादी करावी.

हे काम वेळखाऊ वाटेल. पण हिशेब करून पाहावा. शंभर सदस्यांनी आठवड्याला पाच नोंदी केल्या तर वर्षाला २६,००० नोंदी होतात. पुण्याच्या ज्या संग्रहाचा उल्लेख वर केला त्यातील वाक्यांची संख्या २५,००० होती. म्हणजे नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील वैद्य मनावर घेतील तर एका वर्षात मराठी आयुर्वेदीय रुग्णनोंदींचा असा संग्रह उभा राहील, ज्याची दखल कोणत्याही संशोधन संस्थेला घ्यावी लागेल. त्याची मालकी संघटनेकडे राहावी, वापराच्या अटी संघटनेने ठरवाव्यात आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यावर प्रबंध लिहिण्याची मुभा असावी.

शंकर दाजीशास्त्री पदे, वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्यासारख्या पूर्वसूरींनी वनस्पतींचे व औषधांचे गुणधर्म मराठीत लिहून ठेवले, म्हणून त्यानंतरच्या पिढ्यांना ते शिकता आले. त्यांच्यापुढे वाचक होता तो माणूस. आपल्यापुढे माणसाबरोबर यंत्रही वाचक म्हणून बसले आहे. ते अहोरात्र वाचते, वाचलेले विसरत नाही, पण खरे-खोटे त्याला कळत नाही. आपण लिहिले नाही तर ते आयुर्वेद जाहिरातींतून शिकेल, कारण आंतरजालावर त्यांचीच रेलचेल आहे. मग उद्या किनवटचा एखादा रुग्ण मोबाइलवर आपली तक्रार सांगेल, तेव्हा त्यास मिळणारे उत्तर त्या जाहिरातींचेच असेल. ते शास्त्राचे असावे असे वाटत असेल तर येत्या सोमवारच्या पहिल्या रुग्णापासून आरंभ करावा, ही सर्व व्यवसायबंधू-भगिनींना विनंती.